पाखरं बघायचा मनोरा

फाटकावर पाटी आहे : ‘पक्षी पाहण्याची उत्तम वेळ पहाटेची. कृपया लवकर यावे व शांतता राखावी.’

मागच्या थंडीत नातीनं मला तिथं हौसेनं नेलं. आजीनं तरुणपणी नोकरी केली ते कॉलेजचं रान आजीला एकदा दाखवावं, असं तिच्या मनात. मी ती पाटी वाचली आणि तिथंच काठी आपटली. नात दचकली. "आजी, पाटीवर काय चिडतेस?"

आता फाटकात उभं राहून तिला काय सांगणार? पाटी नवी आहे, पण ती पहाट जुनी आहे आणि ती कुणाची होती हे मला माहीत आहे. आत गेल्यावर टोपीवाला एक गाइड म्हणाला, "हे सगळं वन संस्थेच्या दूरदृष्टीतून उभं राहिलंय, आजी." मी म्हटलं, "दृष्टीचं मला नको सांगूस, बाळा." नातीनं माझा दंड दाबला. तिथं गप्प बसले, म्हणून इथं लिहिते आहे. रागात लिहिते आहे. वय झालं की राग निवतो असं मला पुष्कळांनी सांगितलं. माझा मुरला.

धाराशिवहून एसटीनं गेलं की फाट्यावर उतरायचं आणि मग पायी, असा तो माळ. बहात्तरच्या दुष्काळात तिथं सरकारी कामं निघाली. बायाबापड्यांनी पोटासाठी बांध घातले, मुरमात खड्डे घेतले. पुढं जवळच सहकारी साखर कारखाना निघाला, कारखान्याच्या मंडळींनी शिक्षणसंस्था काढली, माळ संस्थेला मिळाला आणि त्या खड्ड्यांत निंब, करंज, शिरस लागले. शाळा झाली, कॉलेज झालं, मुलांचं वसतिगृह झालं आणि सगळ्यांत शेवटी, अगदी कडेला, पत्र्याच्या छपराचं मुलींचं वसतिगृह झालं. मी तिथली रेक्टर. ऐंशी साल उलटलं होतं आणि पाऊस पुन्हा दगा देत होता.

मी कशी होते ते आधी ऐका, म्हणजे पुढचं नीट कळेल. विशी नुकती ओलांडलेली. लग्न व्हायचं होतं. इस्त्रीची साडी, खांद्यावर पिन, केसांचा घट्ट अंबाडा आणि गळ्यात शिट्टी. बोलणं असं शुद्ध, की आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना पहिले काही महिने मी पुण्याची वाटायचे. मूळची माकडांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोनारीकडची आहे हे कळलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं बया, देवळापुढच्या माकडांतनं आलीस आन् आमास्नी ‘कृपया’ म्हणतीस?" मला तेव्हा भारी राग आला होता. आता वाटतं, बाईनं अचूक ओळखलं.

आणि मला पाखरांचा नाद होता. प्रयोगशाळेतली दुर्बीण मी कायमची उसनी घेऊन ठेवली होती. थंडीत आमच्या बाभळींवर भोरड्यांचे थवे रात्रीला उतरायचे. हजारोंनी. पहाटे सगळा थवा एकदम उठायचा, तेव्हा आभाळात कुणी घोंगडं झटकल्यासारखं व्हायचं. मी मुलींना सांगायचे, "ह्यांना पळसमैना म्हणतात. परदेशातून येतात." माझ्या मुली शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या. त्या माझ्याकडं कीव येऊन बघायच्या. भोरडी म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्वारी दुधात आली की माळ्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवून फिरवून ज्यांचे खांदे उतरलेत, त्या पोरींपुढं ही बाई परदेशी पाहुण्यांचं कौतुक करत होती.

तर वसतिगृहाच्या मागं बोरी-बाभळीचं काटवन होतं. ते कुणी लावलं नव्हतं. पोरी बोरं खायच्या आणि पहाटे त्याच रानात जायच्या. पुढचं झाडाचं झाडानं बघितलं. संडास नव्हते, हे आता सरळ लिहिते. तेव्हा हा शब्द मेले तरी माझ्या जिभेवर यायचा नाही. आम्ही ‘बाहेर’ जायचो. झुंजूमुंजू व्हायच्या आत पोरी टमरेलं घेऊन निघायच्या. मोठ्या कडेला उभ्या राहायच्या, धाकट्या आत. मग पाळी बदलायची. कडेच्या पोरीनं एकदा खोकलं म्हणजे गुरंढोरं आलीत, सलग खोकलं म्हणजे माणूस. रेक्टरबाईसुद्धा तिथंच जायच्या. सगळ्यांच्या आधी, पदर कपाळावर ओढून, अंबाडा नीट सांभाळत.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. कारखान्यातही त्यांचाच शब्द. ते एकदा संचालकांच्या सहलीला गेले आणि कुठल्याशा तळ्यावर पाखरं बघायला आलेल्या मोटारींची रांग बघून आले. आल्याबरोबर ठरवलं, की आपल्या रानाचं पक्षी अभयारण्य करायचं आणि ते लोकांना खुलं करायचं. मला कोण आनंद! मी तर पाखरांची नावं मोत्यासारख्या अक्षरात लिहून कार्डं तयार केली. मग आबा म्हणाले, पाखरं वरून बघायला मनोरा पाहिजे. कारखान्याच्या भंगारातलं लोखंड आलं, वर पत्र्याची छत्री आली. माळावरची उंच जागा कोणती, तर आमच्या वसतिगृहामागचं टेकाड. तिथं मनोरा उभा राहिला. खाली पाखरांसाठी सिमेंटचा हौद झाला, तो भरायला कारखान्याचा टँकर यायला लागला.

मनोऱ्यावर पहिल्यांदा चढण्याचा मान पाखरांच्या जाणकार म्हणून मला मिळाला. आबा आणि प्राचार्य मागून चढले. मी दुर्बीण डोळ्याला लावली, बाभळी बघितल्या, मग दुर्बीण जरा खाली केली. बोरीखाली आमचं टमरेल पडलं होतं. सकाळी कुणीतरी विसरलेलं, निळं. त्याच्या बुडाशी डांबरानं बुजवलेलं भोकसुद्धा मला दिसलं.

"काय बाई, दिसतंय का?" आबांनी विचारलं.

"अतिशय रमणीय," मी म्हणाले.

त्या बाईला आज समोर उभी केली तर मी तिच्या गळ्यातली शिट्टी काढून तिच्याच तोंडात कोंबीन.

खाली उतरले. दोन दिवस शब्द जुळवले आणि आबांच्या ऑफिसात गेले. ऑफिस मोठं झोकदार : काचेचं टेबल, सागवानी दार, दाराला पितळी कडी. मी खुर्चीच्या टोकावर बसले.

"आबा, मनोऱ्यामुळं मुलींची थोडी कुचंबणा होईल, असं मला वाटतं."

"कसली?"

"म्हणजे पहाटेच्या वेळी… त्यांचं ते… प्रातर्विधीच्या संदर्भात…"

आबा समजले. न समजायला ते काही परदेशातून आले नव्हते. पान चघळता चघळता म्हणाले, "मग अंमळ लवकर उरकत जा म्हणावं पोरींना."

"लवकर म्हणजे?"

"पाखरं उठायच्या आत."

"अंधारात काटवनात साप-किरडू असतं, आबा. त्यापेक्षा एखादा आडोसा, भिंती घालून…"

"आन् पाणी? दुष्काळ हाय, बाई. टँकर पाखरांनाच पुरंना झालाय, तुमच्या आडोशाला कुठनं घालू? बघू पुढल्या वर्षी."

"बरं," मी म्हणाले. आणि वर म्हणाले, "धन्यवाद."

पाखरांनाच पुरंना! हे वाक्य तो माणूस सहज बोलून गेला आणि मी ते सहज ऐकून आले. हौदात पाणी हिंदकळत होतं आणि मुलींना मिळत होती माणशी बादली, त्यातच अंघोळ, त्यातच कपडे. पाखरांवर माझा राग नव्हता आणि नाही. पाखरू काही पाणी मागायला ऑफिसात गेलं नव्हतं. राग होता तो ह्याचा, की पाखरांची तहान बिनबोलता कळणाऱ्या माणसाला चाळीसएक मुलींचा देह कळत नव्हता.

दिवाळी झाली आणि लोक यायला लागले. धाराशिवचे वकील-डॉक्टर, बार्शीचे व्यापारी, सोलापूरहून कॉलेजची पोरं. पहाटेच यायचे, कारण थवा उठतो तोच बघायचा असतो. बायका येत, लेकरं येत, चांगले लोकही येत, नाही म्हणत नाही. पण मनोऱ्यावर चढलेल्या माणसाची दुर्बीण कुठं वळते ते खालून कळत नाही, आणि न कळणं हेच सगळ्यांत वाईट. काठावरच्या पोरी खोकून खोकून थकल्या. मनोऱ्यावरचा माणूस खोकल्यानं जातो का कुठं?

मग मुलींनी आपली वाट काढली. संध्याकाळचं पाणी पिणं सोडलं. रात्रीची भाकरी अर्धी ठेवायला लागल्या. मावशी ओरडायच्या, "खावा की गं, का उपास धरलाय समद्यांनी?" कुणाचं पोट दुखायचं, कुणाला जळजळ व्हायची. प्रार्थनेला एक पोर उभ्या उभ्या कोसळली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नाहीस? ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी, शुद्ध बोलणारी रेक्टर, खिडकीबाहेर.

ती माकणीकडची होती. नववीत. त्यांच्या बौद्धवाड्यातून एवढ्या पुढं आलेली पहिलीच मुलगी. गणितात अशी की सरांनी फळ्यावर चुकावं आणि हिनं बाकावरून खाकरावं. लोकांच्या ज्वारीची राखण करून तिनं सातवी केली होती. तिचे वडील तिला बघायला आले. मुलीशी बोलले, मग बाहेर येऊन बराच वेळ मनोऱ्याकडं बघत उभे राहिले.

"हे कशाला हाय, बाई?"

"पाखरं बघायला, मामा."

"म्या चढू का?"

चढले. पाहुण्यांनी विसरलेली दुर्बीण वगैरे काही नव्हती, नुसत्या डोळ्यांनी बघितलं. उतरले आणि टोपी काढून पुन्हा घातली.

"पाखरं बेस दिसत्यात. पोरीबी दिसतील." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बाई, तुमी चांगल्या हाव. पर म्या पोर शिकाय ठिवली, दाखवाय न्हाय ठिवली. संक्रांत झाली की येतो तिला न्यायला. तवर काय झालं तर बघा."

"मामा, पुढल्या वर्षी तिची दहावी…"

"मलाबी कळतंय की ते," ते म्हणाले. ते वाक्य त्यांनी कसं म्हटलं ते मला लिहिता येत नाही.

ही एक गेली की बाकीच्या जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणखी तीन-चार घरांतून निरोप आलेच होते. आणि गेलेली मुलगी परत येत नाही. संक्रांतीनंतर चैत्र येतो, चैत्रात लग्नं येतात.

मी पुन्हा आबांकडं गेले. पुन्हा ‘कुचंबणा’ म्हणाले. त्यांनी पुन्हा पुढल्या वर्षी म्हटलं.

पुढचं सगळं एका रविवारी पहाटे सुरू झालं. मनोऱ्यावर कुणी एकटाच पुरुष चढला होता. मुली काटवनात होत्या. खोकला झाला, पुन्हा खोकला झाला, तो हलेना. आणि फाट् असा आवाज झाला. बंदुकीसारखा. पाठोपाठ मनोऱ्याच्या पत्र्यावर ठण्णकन काहीतरी आदळलं. बाभळींवरचा सगळा थवा अंधूक उजेडात एकदम उठला आणि दिसेनासा झाला. तो माणूस चार पायांवर आल्यासारखा शिडी उतरला आणि मोटारसायकलीला किक मारत सुटला.

मी शिट्टी फुंकली. मुलींना रांगेत उभं केलं. "कुणी मारला दगड?"

माकणीची पुढं आली. हातात गोफण. कोठीतल्या ज्वारीच्या पोत्याची सुतळी उसवून वळलेली, मधली खोळ तिच्या जुन्या परकराची. "म्या मारला, बाई."

"माणसाला लागला असता म्हणजे?"

"लागला असता तर नेम चुकला म्हणाया पायजे. म्या पत्र्यावरच मारला."

मी तिला शिक्षा करायला तोंड उघडलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी हसत सुटले. पिनेतून पदर सुटेपर्यंत हसले. मुलींनी रेक्टरबाईला असं हसताना कधी बघितलंच नव्हतं, त्या घाबरल्या. मग मावशी हसल्या, मग सगळ्याच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्याकडच्या कार्यानुभवाच्या तासाला सुतळीकाम घेतलं. अभ्यासक्रमात सुतळीकाम होतंच. पिशवी करावी असं म्हटलं होतं, मी गोफण करवली. नियम एकच घातला : दगड नाही. रिकामी गोफण जोरात फिरवून फटकारली तरी आवाज पुरतो. राखण करणाऱ्या पोरींना हे शिकवावं लागत नाही. मलाच शिकवावं लागलं. माझी गोफण पहिल्याच फटक्याला माझ्या अंबाड्यात अडकली, आणि माकणीची पोर ती सोडवत म्हणाली, "बाई, डोकं जरा मागं घेत जावा." सबंध वसतिगृहासमोर. ऐकून घेतलं.

काम सोपं होतं. थवा उतरतो दिवस मावळताना. तेव्हा त्याला टेकू दिलं नाही, की तो दुसरीकडं मुक्काम करतो आणि पहाटे आमच्या रानातून उठत नाही. रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर मुली बांधाबांधावर उभ्या राहायच्या. थवा आला की एकदम सुरू व्हायचं : होऽऽ हाऽऽ, होऽऽ हाऽऽ, आणि चाळीस गोफणींचे फटाके. मी मध्यभागी शिट्टी फुंकत. जी बाई काही महिन्यांपूर्वी पळसमैनेची कार्डं रंगवत होती, तीच आता पळसमैनेच्या नावानं बोंब मारत होती, आणि खरं सांगते, इतका आनंद मला त्या कार्डांनी कधी दिला नव्हता. पाखरांची क्षमा मागत होते मनातल्या मनात. पण हाकत होते.

पाहुणे यायचे, रिकाम्या बाभळी बघायचे, जांभया देत परत जायचे. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "हा काय प्रकार आहे, बाई?"

"शारीरिक शिक्षण," मी म्हटलं.

थवा गेला कुठं, ह्याचा विचार मी केला नव्हता, हे कबूल. तो गेला होता ओढ्यापलीकडं, आबांच्या मळ्यातल्या बाभळींवर. आबांची विहीर दुष्काळातही धरून होती. पंचक्रोशीत सगळ्यांची ज्वारी करपली होती, आबांची हुरड्याला आली होती. भोरड्यांना आणखी काय पाहिजे? उशाशीच ताट.

आणि नेमका तेव्हाच आबांनी हुरड्याचा बेत ठेवला. सोलापूरकडचे मोठे पाहुणे, कारखानदारीतले. आधी पहाटे अभयारण्य, मग मळ्यात हुरडा. दोन जीपगाड्या आल्या. आबा पाहुण्यांना घेऊन मनोऱ्यावर चढले. उजाडलं. एक कावळा आला, हौदात चोच बुडवली आणि गेला. पाहुणे वाट बघत राहिले. मी आणि मुली वसतिगृहाच्या ओट्यावर नीट रांगेत उभ्या होतो, वेण्याफण्या करून, स्वागताला.

तेवढ्यात आबांचा सालगडी ओढ्याकडून पळत आला. खालूनच ओरडला, "आबा! हुरड्याचा पट्टा गेला! भोरड्यांनी नुसती पिशी ठिवली, एक कणीस धड न्हाय!"

आबा शिडी उतरले ते थेट माझ्यासमोर. पाहुणे मागोमाग.

"हे तुमचं काम हाय, बाई. पोरींना गोफणी तुमी दिल्या. पाखरं माझ्या रानात हाकलली. मला समदं कळलंय. आजपास्नं हे बंद पायजे. काय पायजे तुमाला?"

मी तोंड उघडलं. जिभेवर तेच आलं होतं, ‘कुचंबणा’. शेजारी माकणीची उभी होती. तिचं ओठ चावणं मला कडेनं दिसलं.

"संडास," मी म्हणाले.

एक पाहुणा खोकला.

"काय?"

"संडास पाहिजेत, आबा. मुलींना हगायला जागा पाहिजे."

मावशींनी मागं ‘अगं आई गं’ म्हटलं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आबांचा चेहरा लाल झाला. "बाई, पाहुण्यांसमोर काय बोलता!"

"का? पाहुणे जात नाहीत?"

"अवो पर…"

"तुमच्या मनोऱ्यावरून आमचं सगळं दिसतं. पाहुण्यांना विचारा, खाली काय काय दिसलं ते. संडास बांधा, चार भिंती, वर छप्पर, दाराला कडी. टँकर पाखरांना येतो तसा मुलींना येऊ दे. त्या दिवशी गोफणी कोठीत जातील आणि तुमच्या भोरड्या परत इकडं येतील. नाहीतर पुढल्या पट्ट्यातली ज्वारी अजून उभी आहे ना, आबा?"

त्यातले एक थोराड पाहुणे, पांढऱ्या मिशांचे, हसू दाबत म्हणाले, "आबा, बांधून टाका. आमचा हुरडा गेला, निदान तुमची उरलेली ज्वारी तरी वाचू द्या."

बांधले. कारखान्याचे गवंडी आले आणि संक्रांतीच्या आत चार संडास उभे राहिले. आता ह्यावर मी खूश व्हायला पाहिजे होतं. झाले नाही. मुली पाणी पीत नव्हत्या तेव्हा वीट मिळाली नाही. मुलगी प्रार्थनेला पडली तेव्हा सिमेंट मिळालं नाही. बाप मुलीला न्यायला निघाला तेव्हा पाणी नव्हतं. कणसं गेली तेव्हा सगळं मिळालं, आठवडाभरात. चार दारांकडं बघून मी एवढंच म्हणत होते, की हे ज्वारीचे संडास आहेत, माझ्या मुलींचे नाहीत. आणि बाहेर भिंतीवर आबांनी रंगवून घेतलं : ‘अभ्यागतांच्या सोयीसाठी’. ती अक्षरं मी मावशींच्या चुलीतल्या कोळशानं त्याच दिवशी खोडली, ते सोडा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माकणीच्या पोरीचे वडील, ते मामा, आले. हातात तिळगुळाची पुडी आणि मुलीचं सामान न्यायला रिकामं पोतं. मी त्यांना हौसेनं संडास दाखवायला नेलं. नवा चुना, पत्र्याची दारं, निळा रंग. मुलगी मागं, जीव मुठीत घेऊन. मामांनी एक दार उघडलं, आत गेले, दार लोटून घेतलं. आतून चाचपल्याचा आवाज आला. मग दार ढकलून बाहेर आले.

"बाई, आतनं कडी न्हाय."

मी बघितलं. चारही दारं बघितली. प्रत्येक दाराला बाहेरून कोयंडा होता, भला दणकट, कुलूप लावायला. आतून काही नाही. एक खिळासुद्धा नाही. बांधणाऱ्यांना, बांधवून घेणाऱ्यांना, बिल मंजूर करणाऱ्यांना, इतक्या पुरुषांतल्या एकालाही सुचलं नव्हतं, की आत जाणाऱ्या बाईला दार लावून घ्यायचं असतं. कुणी चोरून वापरू नये एवढी काळजी त्यांना होती. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली ती रागानं.

"मामा," मी म्हटलं, "इथंच थांबा. पोतं खाली ठेवा. हलू नका."

मी माझ्या खोलीत गेले. कार्यानुभवाच्या पेटीतला पेचकस घेतला आणि माझ्या खोलीच्या दाराची आतली कडी काढायला बसले. गंजलेले स्क्रू निघता निघेनात. पेचकस निसटून तळहाताला लागला. माकणीची पोर दाराशी येऊन उभी राहिली. "बाई, तुमाला रात्री दार कसं लावता येईल?"

"खुर्ची लावीन. ते धर इकडून."

दोघींनी कडी काढली आणि पहिल्या संडासाच्या दाराला आतून ठोकली. जरा तिरकीच बसली. मामा पुन्हा आत गेले. कडी सरकल्याचा आवाज झाला.

"वढा आता!" आतून हुकूम आला.

मी ओढलं. मुलीनं ओढलं. मावशी हात पुसत आल्या आणि त्यांनी पाय रोवून ओढलं. पत्रा वाकला, दार हललं नाही.

"वढा, वढा, जोर लावा!"

"लावतोय की, बाहेर या आता!" मावशी ओरडल्या. "का तिथंच बिऱ्हाड करता?"

मामा बाहेर आले. कडी पुन्हा एकदा वर-खाली करून बघितली. मग पुडी सोडून आम्हा तिघींच्या हातावर तिळगूळ ठेवला, रिकाम्या पोत्याची घडी घालून काखेला मारली आणि म्हणाले, "हितं एकच हाय. बाकीच्या तिन्हीला कवा?"

"उद्या," मी म्हणाले.

ते फाट्याकडं एकटेच गेले. मुलगी तासाला पळाली. गणिताचा तास होता.

बाजारात कडी मिळाली असती, पण बाजाराला अजून अवकाश होता आणि मी उद्या म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा शिपाई धापा टाकत माझ्याकडं आला. "बाई, साहेबांच्या केबिनचं दार लागंना. आतली कडीच गायब हाय. पितळंची. आन् कमिटीच्या खोलीचीबी, आन् प्राचार्यांचीबी. तुमी कुणाला बघितलं का?"

मी तेव्हा तिसऱ्या दारापाशी, दातांत स्क्रू धरून बसले होते. त्यानं माझ्या हातातल्या पेचकसाकडं बघितलं, चकाकत्या कडीकडं बघितलं.

"साहेबांना सांगा," मी स्क्रू काढून म्हटलं, "लवकर उरकत जा म्हणावं."